लायपोसक्शन करून घेण्याआधी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

लायपोसक्शन म्हणजे त्वचेखालची चरबी बारीक नळीने ओढून काढण्याची शस्त्रक्रिया. या विषयावर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. ओळख पटू नये म्हणून नावे वगळली आहेत आणि मजकूर संक्षिप्त केला आहे. किनाऱ्यावरच्या गावांतील बहुतेक रुग्ण या शस्त्रक्रियेसाठी मुंबई, कोल्हापूर किंवा गोवा गाठतात आणि नंतरचे नाजूक दिवस मात्र सर्जनपासून कित्येक तासांच्या अंतरावर, आपल्या घरी काढतात. म्हणून खर्च किती येईल हे विचारण्याआधी, पाचव्या दिवशी ताप आला तर मला कोण आणि कोठे तपासणार, हे आपल्या भागातील रुग्णाने विचारले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: माझे वय ३८, उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ८२ किलो आहे. दोन्ही बाळंतपणे सीझरने झाली. पोट फार सुटले आहे आणि गेल्या वर्षी मधुमेह निघाला. मुंबईची नणंद म्हणते की लायपोसक्शन करून घे, चरबी गेली की साखरही उतरेल. हे खरे आहे का? (एक वाचक, चिपळूण)

ताई, नणंदेने आपुलकीने सांगितले असेल, परंतु ते बरोबर नाही. लायपोसक्शन ही वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया नव्हे. ज्यांचे वजन उंचीच्या मानाने जवळपास योग्य आहे, परंतु आहार आणि व्यायाम सांभाळूनही मांडी, कंबर किंवा हनुवटीखालच्या ठरावीक जागची चरबी हटत नाही, त्यांच्यासाठी ती आहे. आपल्या उंचीला ८२ किलो वजन म्हणजे बॉडी मास इंडेक्स, अर्थात उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ३३ च्या आसपास येतो. तो ३० च्या वर असेल तर जबाबदार सर्जन सहसा आधी वजन कमी करायला सांगतात, कारण लठ्ठपणात भुलीचा, पायात रक्ताची गुठळी होण्याचा आणि जखम चिघळण्याचा असे तिन्ही धोके वाढतात आणि दिसणारा फरक मात्र थोडाच असतो.

साखरेचा प्रश्न याहून खोलवरचा आहे. पोटाची चरबी दोन ठिकाणी असते. एक त्वचेखाली, जी चिमटीत धरता येते, आणि दुसरी पोटाच्या स्नायूंच्या आत, आतडी आणि यकृत यांच्या भोवती. साखर बिघडवण्यात या आतल्या चरबीचा वाटा मोठा असतो आणि तेथवर लायपोसक्शनची नळी जात नाही, जाताही कामा नये. २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १५ लठ्ठ स्त्रियांच्या त्वचेखालून सरासरी नऊ ते दहा किलो चरबी काढली होती आणि त्यांपैकी ७ जणींना मधुमेह होता. दहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासल्यावर शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद, रक्तदाब आणि रक्तातील चरबी यांपैकी कशातही म्हणण्याजोगी सुधारणा दिसली नाही. याउलट, आहार आणि चालण्याने आपले वजन पाच टक्क्यांनी, म्हणजे सुमारे चार किलोंनी, उतरले तरी साखरेवर त्याचा चांगला परिणाम दिसू लागतो.

आपल्या पोटाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दोन बाळंतपणांनंतर पोट पुढे येते ते केवळ चरबीमुळे नव्हे. पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून दूर सरकलेले असतात आणि त्वचा सैल पडलेली असते, आणि या दोहोंवर लायपोसक्शनचा उपाय चालत नाही. उलट चरबी काढल्यावर सैल त्वचा अधिकच लोंबते. त्याशिवाय सीझरच्या टाक्यांपाशी किंवा बेंबीपाशी लहानसा हर्निया लपलेला असू शकतो. लठ्ठ पोटात तो हाताला लागत नाही, आणि त्यात आतड्याचा भाग असला तर नळीने आतड्याला भोक पडून जीवावर बेतू शकते. म्हणून पोटाचे लायपोसक्शन सुचवणारा सर्जन आपल्याला उभे करून, खोकायला सांगून तपासतो का आणि जराही शंका असल्यास सोनोग्राफी करायला सांगतो का, याकडे लक्ष ठेवा. सध्या मात्र आपण फिजिशियनकडे जाऊन मधुमेहाची घडी बसवावी, असाच माझा सल्ला आहे.

प्रश्न: माझ्या मुलीचे वय २५, वजन ५८ किलो असून तिचे लग्न येत्या मे महिन्यात आहे. मांड्यांवरची चरबी काढून घ्यावी असे तिला वाटते. ‘बेशुद्ध न करता सकाळी शस्त्रक्रिया, संध्याकाळी घरी’ अशी मुंबईची एक जाहिरात आम्ही वाचली. रात्रीच्या गाडीने जाऊन, शस्त्रक्रिया आटोपून, त्याच रात्रीच्या गाडीने कुडाळला परतायचे असा बेत आहे. काही हरकत आहे का? (एक आई, मालवण)

हरकत आहे, आणि ती सविस्तर सांगतो, कारण असा बेत आखणारी अनेक कुटुंबे आपल्या भागात आहेत.

बेशुद्ध न करता लायपोसक्शन करता येते हे खरे आहे. कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत सलाइनमध्ये लिडोकेन हे बधिर करणारे औषध आणि रक्तवाहिन्या आकसवणारे अ‍ॅड्रेनलिन अगदी पातळ करून मिसळतात आणि ते पाणी त्वचेखाली भरपूर प्रमाणात भरतात. त्यामुळे भाग बधिर होतो आणि पूर्वी होत असे तसा मोठा रक्तस्राव टळतो. मात्र बेशुद्ध केले नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. लिडोकेनची मर्यादा वजनावर ठरते. या पातळ स्वरूपात दर किलोमागे ३५ मिलिग्रॅम हा बराच काळ मानला गेलेला सुरक्षित आकडा आहे, म्हणजे आपल्या मुलीसाठी सुमारे २००० मिलिग्रॅम. मांड्या, कंबर आणि दंड एकाच दिवशी करून देतो असे कोणी म्हणाले, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. शिवाय चरबीत भरलेले हे औषध रक्तात हळूहळू उतरते आणि त्याची रक्तातील पातळी साधारण बारा तासांनी सर्वांत जास्त असते. आपल्या बेताप्रमाणे तेव्हा मुलगी रात्रीच्या गाडीत, घाटातल्या बोगद्यांतून प्रवास करत असेल. तोंडाभोवती मुंग्या येणे, कानात आवाज घुमणे, जीभ जड होणे, असंबद्ध बोलणे आणि पुढे झटके येणे ही लिडोकेन जास्त झाल्याची लक्षणे आहेत, आणि त्या वेळी शेजारी डॉक्टर असावा लागतो.

दुसरा धोका रक्ताच्या गुठळीचा. शस्त्रक्रियेनंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि पाय लोंबते ठेवून तासन्‌तास बसल्यास पोटरीतल्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. चरबीचे सूक्ष्म कण रक्तात शिरून फुप्फुसांना इजा होण्याचा प्रकार विरळ आहे, पण तो होतो तो प्रामुख्याने पहिल्या तीन दिवसांत. म्हणून शस्त्रक्रिया कितीही लहान असली तरी निदान पहिला आठवडा शस्त्रक्रियेच्या गावीच, नातेवाइकांकडे किंवा खोली घेऊन, राहावे. खोलीतल्या खोलीत पहिल्या दिवसापासून चालत राहावे, आणि सर्जनने पुन्हा तपासून परवानगी दिल्यावरच निघावे. चरबी आणि पाणी मिळून पाच लिटरच्या वर काढले जाणार असेल तर रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली राहणे आवश्यक मानले जाते.

येथे एक गोष्ट आवर्जून विचारतो. लग्नाच्या किंवा गणपतीच्या सुमारास पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि अनेकींना त्या औषध वाटतच नाहीत. या गोळ्यांनी, तसेच गर्भनिरोधक गोळ्यांनीही, गुठळीचा धोका वाढतो. मुलगी त्या घेत असेल किंवा घेणार असेल, तर सर्जनला सांगितलेच पाहिजे. अ‍ॅस्पिरिन, अंगदुखीच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई, घरचे काढे, गावच्या वैद्याची चूर्णे हे सर्व सांगावे, कारण यांपैकी काहींनी रक्तस्राव वाढतो. हिमोग्लोबिन कमी असल्यास आधी ते भरून काढावे.

आता मुहूर्ताचा प्रश्न. शस्त्रक्रियेनंतर सूज आणि काळेनिळे डाग काही आठवडे राहतात, त्वचेचा बधिरपणा त्याहून अधिक काळ टिकू शकतो, आणि खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. चार ते सहा आठवडे घट्ट पट्टा, ज्याला दवाखान्यात प्रेशर गारमेंट म्हणतात, जवळजवळ दिवसरात्र घालावा लागतो. एप्रिल-मेमधल्या मालवणच्या दमट उकाड्यात त्याखाली घामोळे आणि बुरशीचा संसर्ग व्हायला वेळ लागत नाही, म्हणून दोन पट्टे आलटून पालटून, धुऊन आणि पूर्ण वाळवून वापरावे लागतात. थोडक्यात, येत्या मेमध्ये मुलीला अपेक्षित आकार दिसणार नाही. लग्नाची घाई, खरेदी आणि पाहुणे यांच्यात तिला ही विश्रांतीही मिळणार नाही. लग्न होऊ द्यावे. त्यानंतरही तिची स्वतःची इच्छा कायम राहिली, तर पावसाळा संपल्यावर निवांतपणे निर्णय घ्यावा. मांड्यांसाठी कोणी तिला टोचून बोलत असेल, तर आई म्हणून त्या माणसाशी आपणच बोलावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रश्न: डॉक्टर आणि रुग्णालय योग्य आहे की नाही हे आमच्यासारख्याने कसे ओळखावे? विम्यातून पैसे मिळतात का? (एक वाचक, राजापूर)

‘कॉस्मेटिक सर्जन’ अशी पाटी कोणीही लावू शकतो, म्हणून पाटीपेक्षा पदवी पाहावी. प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. तो देण्यात कोणत्याही डॉक्टरला संकोच वाटण्याचे कारण नाही. रुग्णालयाची महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली नोंदणी असते आणि तिचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असले पाहिजे. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर राहणार का, ऑक्सिजन आणि हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणारा मॉनिटर आहे का, आणि गुंतागुंत झाली तर रुग्णाला कोणत्या अतिदक्षता विभागात हलवणार, हे मोकळेपणाने विचारावे. सल्ला देणारा एक आणि शस्त्रक्रिया करणारा दुसरा अशी व्यवस्था असेल, तर शस्त्रक्रिया करणाऱ्याला आधी भेटल्याशिवाय पैसे भरू नयेत. आज आगाऊ रक्कम भरल्यास सवलत, अशी घाई जेथे केली जाते तेथून परत यावे. संमतिपत्र आपल्याला समजेल अशा मराठीत वाचून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे की पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी संमती ठरते आणि एका उपचारासाठी दिलेली संमती दुसऱ्या उपचारासाठी चालत नाही.

आरोग्य विम्यात केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे वगळलेली असते. गुंतागुंत झाल्यास त्या उपचाराचा खर्चही नाकारला जाऊ शकतो, म्हणून तेवढी रक्कम हाताशी ठेवावी.

घरी परतल्यावर दम लागणे, छातीत दुखणे, एकाच पोटरीत सूज आणि दुखणे, वाढत जाणारी पोटदुखी आणि उलट्या, ताप, किंवा त्वचा काळपट पडून तेथे असह्य वेदना होणे, यांपैकी काहीही आढळले तर मुंबईच्या डॉक्टरांचा फोन लागण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून जवळचे मोठे रुग्णालय गाठावे आणि लायपोसक्शन झाल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे. लाजेपोटी हे लपवले जाते आणि निदानास उशीर होतो. यासाठी डिस्चार्ज कार्ड सोबत असावे आणि त्यावर किती औषध भरले व किती चरबी काढली याची नोंद करून घ्यावी.

प्रश्न: वय २९, मासेमारीच्या ट्रॉलरवर काम करतो. छाती स्त्रीसारखी वाढली आहे, त्यामुळे बंदरावर सदरा काढता येत नाही. लायपोसक्शनने जाईल का? (एक वाचक, देवगड)

दादा, ही तक्रार अनेक पुरुषांना असते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. छातीत केवळ चरबी असेल तर लायपोसक्शन पुरते, पण स्तनाग्रामागे घट्ट चकतीसारखी गाठ लागत असेल तर ती ग्रंथी असते आणि लहान छेद घेऊन काढावी लागते. एकाच बाजूला कठीण गाठ असल्यास किंवा स्तनाग्रातून स्राव येत असल्यास आधी कर्करोगाची शंका दूर करावी लागते. काही औषधे, व्यायामशाळेत मिळणारी स्टेरॉइडची इंजेक्शने, दारू, यकृताचे किंवा वृषणाचे आजार यांमुळेही छाती वाढते, तेव्हा प्रथम कारण शोधावे. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे जाळी ओढण्यासारखे जड काम करता येत नाही आणि जखम पूर्ण भरेपर्यंत खाऱ्या पाण्यात उतरता येत नाही. १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ आपल्याला त्यासाठी सोयीचा आहे. मात्र पावसात घाट आणि महामार्ग बंद पडतात, हे लक्षात घेऊन पहिल्या तपासण्या होईपर्यंत शस्त्रक्रियेच्या गावीच मुक्काम ठेवावा. विडी-सिगारेट असेल तर निदान चार आठवडे आधी बंद करावी.

प्रश्न: दोन वर्षांपासून माझा उजवा पाय घोट्यापासून वर सुजतो. एका ब्यूटी क्लिनिकमध्ये लायपोसक्शन सुचवले. करावे का? (एक वाचक, वेंगुर्ले)

निदान झाल्याशिवाय मुळीच करू नये. एकच पाय सुजतो तेव्हा ती सहसा चरबी नसते. सिंधुदुर्ग हा हत्तीरोगाचा जिल्हा आहे, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रात्रीच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी, कारण या रोगाचे सूक्ष्म जंतू प्रामुख्याने रात्रीच रक्तात दिसतात. जुनी सूज असल्यास ही तपासणी निर्दोष येऊ शकते, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. शिरेत गुठळी नाही ना, हे पाहण्यासाठी पायाची डॉप्लर तपासणीही, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफीही, आवश्यक आहे. दोन्ही पाय सारखेच जाड असून पावले मात्र बारीक राहिलेली असणे, दाबल्यावर दुखणे आणि चटकन काळेनिळे होणे, हा लिपेडिमा नावाचा वेगळा आजार आहे. त्यात लायपोसक्शनचा उपयोग होतो, पण आपले वर्णन त्याच्याशी जुळत नाही. तपासणी होईपर्यंत पाय रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्यांसह कोरडा ठेवावा, झोपताना उशीवर उंच ठेवावा, आणि शेतात किंवा वाडीत अनवाणी जाऊ नये. पायावरची भेग किंवा ओरखडा लगेच डॉक्टरांना दाखवावा, कारण अशा पायात जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो आणि प्रत्येक वेळी सूज थोडी अधिक वाढते.