बोर्डाचा भाव, हातातला भाव

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. क्रेडिट कार्डाच्या दोन्ही पत्रकांचे फोटो मिळाले. त्यातलं एक इतकं तिरकं काढलंयस की खालची बारीक अक्षरं वाचायला मला घड्याळवाल्याचं भिंग मागून आणावं लागलं. सगळी गोम तिथेच असते, म्हणून आणलं.

तू विचारलंस, "आप्पा, पाच टक्के कॅशबॅक देताहेत, घेऊ का?" आणि पार शेवटी, कुणी ऐकू नये अशा आवाजात, सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचा आकडा, ६८४ असल्याचं लिहिलंस. मी शेवटापासून सुरू करतो.

६८४ मध्ये लाजण्यासारखं काही नाही. हा आकडा ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. साडेसातशेच्या पुढे गेलं की बँका स्वतःहून मागे लागतात. तुझ्या आकड्याला काही बँका नाही म्हणतील. काही हो म्हणतील, पण मर्यादा छोटी देतील, वर्षाची फी लावतील, आणि व्याज मात्र सगळ्यांना लावतात तेच चढं लावतील. म्हणजे तुझ्यासमोर आलेलं कार्ड चांगल्यातलं चांगलं नाही, तुला मिळू शकणारं आहे. मोलभाव करताना आपण कुठे उभे आहोत हे माहीत असलेलं बरं.

आकडा पडला का, हे मला ठाऊक आहे. पगाराचं खातं बदललंस आणि मोबाईलचे दोन हप्ते जुन्या खात्यावरून परत गेले. पैसे होते, फक्त दुसऱ्या खिशात होते. पण क्रेडिट रिपोर्टात, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदवहीत, खिसा लिहित नाहीत, उशीर लिहितात. तेव्हा अर्ज करण्याआधी तो रिपोर्ट काढ. आपल्याकडे सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आपला आपण पाहिल्याने आकडा उतरत नाही. त्यात त्या मोबाईलच्या कर्जापुढे 'क्लोज्ड' आहे की 'सेटल्ड', एवढं बघ. 'सेटल्ड' म्हणजे तडजोडीत मिटवलं, पूर्ण फेडलं नाही. तू तर पैन् पै भरलीस. चुकीचं असेल तर ऑनलाइन तक्रार टाक. तीस दिवसांत निकाल लावला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते शंभर रुपये कुणाला सोडवत नाहीत, म्हणून काम होतं.

आणि ते मॉलच्या दारात टेबल लावून बसलेल्या पोराला नाही म्हणायला शीक. महिन्यात तीन ठिकाणी सह्या दिल्यास म्हणतेस. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टात नोंदली जाते आणि पुढच्या बँकेला वाटतं, ही पोरगी पैशासाठी दारोदार फिरतेय. आता सहा महिने थांब.

आता पाच टक्के. तुझे आजोबा आणि माझे वडील एकाच बांधाचे, म्हणून केळीचं उदाहरण देतो. एक कापणी मला अजून दिसते. बोर्डावर भाव अकराशे. वडील खुशीत होते. व्यापाऱ्याच्या माणसाने घड कापले, गाडी भरली, काट्यावर घेतली. मग दांड्याचे वजा, बारीक मालाचे वजा, काळा डाग पडला त्याचे वजा. सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर पेन्सिलीने हिशेब आला. वडिलांनी तो दोनदा वाचला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि घरी येईपर्यंत बोलले नाहीत. क्विंटलला साडेआठशे पडले होते. त्या दिवसापासून कुणी भाव सांगितला की मी विचारतो, बोर्डाचा की हातातला?

पाच टक्के हा बोर्डाचा भाव आहे. हातातला काढू.

तुझा पगार २४ हजार. त्यातले पाच हजार गावी जातात, साडेचार हजार खोलीभाडं. भाडं घरमालकाच्या मोबाईल नंबरवर जातं, तिथे कार्ड चालत नाही, आणि ज्या ॲपवरून चालतं ते वर फी घेतं. पत्रकातली वगळलेल्या खर्चांची यादी भिंगाने वाचली: पेट्रोल, लाइटबिल, विमा, भाडं, वॉलेट भरणं, दागिने. तुझा निम्मा महिना तिथेच बाद झाला. कोपऱ्यावरचा किराणावाला फक्त क्यूआर कोड लावून बसलाय, त्याच्याकडे मशीन नाही. रुपे, म्हणजे व्हिसासारखीच पण आपल्या देशातली छाप, असलेलं कार्ड असेल तर ते यूपीआयला जोडून त्याच्या कोडवर चालवता येतं, २०२२ पासून ही सोय आहे. पण तू पाठवलेलं कार्ड रुपे नाही. आणि रुपे असलं तरी यूपीआयच्या खर्चावर कॅशबॅक आहे का, हे वेगळं विचारावं लागतं. बऱ्याच ठिकाणी कमी असतो किंवा नसतोच.

मग उरलं काय? ऑनलाइन खरेदी महिन्याला दीड हजार, त्यावर पाच टक्क्यांनी ७५ रुपये. सुपरमार्केटचे दोन हजार, त्यावर एक टक्का, २० रुपये. कपडे-चपला दीड हजार, १५ रुपये. बेरीज ११०. वर्षाचे १,३२०. त्यातून फी ४९९ आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९ गेले. हातात ७३१. साठ हजार खर्चावर ७३१ म्हणजे सव्वा टक्क्याच्याही आत. बोर्डावर पाच, हातात सव्वा. दांडा बराच मोठा निघाला, नाही का?

सातशे रुपये वाईट नाहीत. फुकटचे आले तर मीही घेईन. पण एक महिना चुकला तर काय होतं तेही त्याच कागदावर मांड. समज, बिल पाच हजारांचं आलं आणि तू 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, म्हणून २५० भरलेस. हे दोन शब्द गोड दिसतात, तेवढे भरले की दंड लागत नाही. पण व्याज लागतं, महिना पावणेचार टक्के, आणि ते बिलाच्या तारखेपासून नाही तर तू वस्तू घेतलीस त्या दिवसापासून. शिवाय जुनं शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज घेतलेल्या साबणावर आजपासून व्याज. मी अंदाजाने दिवस मोजले. पुढच्या बिलात व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून सव्वातीनशेच्या आसपास येतात. तुझा तीन महिन्यांचा कॅशबॅक एका फटक्यात साफ.

गावात शेकडा तीन रुपये महिना घेणाऱ्याला आपण सावकार म्हणतो आणि त्याच्या ओट्यावरून जाताना तोंड फिरवतो. इथे पावणेचार आहेत, वर्षाचे ४५ टक्के. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. तेव्हा वरून कुणी वाचवायला येईल या भरवशावर राहू नकोस.

कार्डावरून रोख काढणं तर डोक्यातूनच काढून टाक. मी एकदा मुलाच्या प्रवेशासाठी दहा हजार काढले होते. काढल्या क्षणी फी आणि त्याच दिवसापासून व्याज. दालमिलमध्ये दुसऱ्यांची रोकड पाई-पाईने जुळवणारा मुनीम मी, आणि स्वतःचं बिल पाहून घाम फुटला. तुझ्या काकूला ते आजपर्यंत सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

माझं मत विचारशील तर या पाच टक्केवाल्याला आत्ता हात लावू नकोस. तुझी भिशी पुढच्या महिन्यात लागतेय ना? त्यातल्या २० हजारांची बँकेत एफडी कर आणि तिच्यावर मिळणारं कार्ड घे. पगाराच्या बँकेत आधी विचार, नसेल तर दुसरीकडे. पतसंस्थेतली ठेव यासाठी चालत नाही, ज्या बँकेचं कार्ड तिचीच एफडी लागते. आणि आपल्या जिल्ह्यात पतसंस्थेत पैसे अडकलेली माणसं इतकी आहेत की त्याबद्दल जास्त बोलायला नको. अशा कार्डाला सिबिलची फारशी अट नसते, कारण बँकेचा जीव एफडीत असतो. एफडीचं व्याज तुला चालूच राहतं. मर्यादा एफडीच्या ऐंशी-नव्वद टक्के मिळते, समज १६ हजार. कॅशबॅक एखादा टक्का किंवा तोही नाही. नसू दे. आत्ता तुला सव्वा टक्का कमवायचा नाही, आकडा वर न्यायचा आहे. या कार्डाचा भरणाही बाकीच्या कार्डांसारखाच रिपोर्टात जातो. आणि तो आकडा उद्या गाडीच्या किंवा घराच्या कर्जाच्या वेळी जे वाचवेल, त्यापुढे वर्षाचे सातशे रुपये म्हणजे भरताबरोबरची मिरची.

वापरताना मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहा, म्हणजे १६ हजारांवर साधारण ४,८००. एखाद्या महिन्यात जास्त झालं तर बिल निघायच्या आधीच थोडे भरून टाक, म्हणजे रिपोर्टात फुगलेला आकडा जात नाही. बिलाची तारीखही बघ. तुमच्याकडे पगार सात तारखेला होतो आणि दिवाळीच्या तोंडावर कधी दहा-बारा उजाडते. भरायची शेवटची तारीख पाच आली तर दर महिन्याला जीव टांगणीला. बिलाचं चक्र निदान एकदा तरी बदलून मागण्याचा तुला हक्क आहे, नियमात आहे. पंधरा-सोळा तारीख पडेल असं माग आणि पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लाव, म्हणजे पैसे खात्यातून आपोआप जातील. इथेही बँक 'मिनिमम' वर खूण करून ठेवते, ती काढून 'टोटल' वर कर. आणि या वेळी चालू असलेलंच खातं दे बाई.

तरीही एखाद वेळी विसरलीस तर घाबरू नकोस, शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत उशिराचा दंड लावता येत नाही. चौथ्या दिवसावर मात्र जाऊ देऊ नकोस.

आता एक अवघड गोष्ट, जी पत्रकात कुठेच नाही. जूनमध्ये घरून फोन येतो. "बियाणं घ्यायचंय, चार हजार टाक." कपाशीचे पैसे दिवाळीनंतर येतात, तोवर घर तुझ्या पगाराकडे बघतं. तू कधी नाही म्हटलेलं मला आठवत नाही, आणि म्हणावंस असंही मी सांगणार नाही. पण कार्ड हातात आलं की तुझा भाऊ म्हणेल, "ताई, कार्डावर घेऊन टाक ना, नंतर देऊ." ते 'नंतर' पावसावर असतं आणि बिल पावसावर नसतं. म्हणून कार्ड आलं तर घरी मर्यादा किती ते सांगू नकोस. खोटं बोल असं म्हणत नाही, विषय काढू नकोस एवढंच. आणि जूनमध्ये ते जमणार नाही असं तुला आतून वाटत असेल तर एफडी कर, कार्ड घेऊच नकोस. तेही चालेल. माझ्या ओळखीत कार्डाशिवाय घर बांधलेली माणसं आहेत.

आईच्या पाटल्यांचं लिहिलंस. जळगावात राहून सोनं घ्यायचा मोह होणारच, पण ते कार्डावर नको. तू पाठवलेल्या यादीत दागिने वगळलेत हे पाहिलंसच, आणि सराफ कार्ड काढलं की वर टक्का-दोन टक्के मागतो. भिशीचे उरलेले पैसे रोख घेऊन जा, पावती पक्की घे, हॉलमार्क स्वतः बघ.

घेतलेलं कार्ड बंद करायचं झालं तर बाकी शून्य करून लेखी कळव. सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर पुढे दिवसाला ५०० रुपये त्यांनी तुला द्यायचे. फोनवरची मुलगी फी माफ करते, विमा देते, मर्यादा वाढवते असं बोलून तुला धरून ठेवेल. ती तिचं काम करते, तू तुझं कर.

शनिवारी सुट्टी असेल तर ये. बामणोदची वांगी आली आहेत आणि काकूने कपाशीच्या काड्या साठवून ठेवल्यात, अंगणातच भाजू. येताना चारातल्या एका कंपनीचा रिपोर्ट छापून आण, मोबाईलवर मला दिसत नाही. आणि त्या दुसऱ्या पत्रकाचा फोटो नको, कागदच आण.

तुझा,
आप्पा