आई-वडिलांनंतर बौद्धिक अक्षमता असलेल्या भावाला मनोरुग्णालयात कायमचं ठेवता येईल का?

नाही, ठेवता येणार नाही. बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने ती आजाराच्या व्याख्येतूनच वगळली आहे. ‘घरी बघायला कोणी नाही’ या कारणावर वॉर्डात ठेवायला त्यामुळे आधार उरत नाही. उलट दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ५ नुसार चारचौघांत राहणं हा त्याचा हक्क आहे. मी अशा प्रौढांच्या कार्यशाळेत शिकवते. साडेनऊच्या रिक्षासाठी नऊलाच डबा मांडीवर घेऊन दारात बसणारा माणूस कुलपाआड गेला, की शर्टाची बटणं लावणंसुद्धा सोडून देतो. हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगते, आधी एवढं करा:

- जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज (राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९). आई-वडील आहेत तोवरच चौकशी करून ठेवा.
- दिव्यांग प्रमाणपत्र, आणि त्यावर ‘निरामय’ आरोग्य विमा. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत.
- घराजवळची दिवसाची कार्यशाळा. तो संध्याकाळी घरी येतो, हे सगळ्यात मोलाचं.

मात्र त्याला वेगळा मानसिक आजारही असेल, तर उपचारांपुरती भरती होऊ शकते. स्वतः निर्णय घेता न येणाऱ्या रुग्णाची अशी भरती सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. खेड्यात राहत असाल तर कार्यशाळा जवळ मिळणं अवघड जाईल; तिथे तालुक्याच्या विशेष शाळेत विचारा, त्यांना आसपासची माहिती असते.