माज, मातणे आणि मस्ती

प्रश्न असा आला आहे: ‘कॉलेजच्या गटासाठी टीशर्ट छापायचे आहेत. त्यावर “मराठी असल्याचा गर्व नाही, माज आहे” असं टाकायचं ठरलंय. आजी म्हणते, माज हा वाईट शब्द आहे, अंगावर मिरवू नका. खरंच वाईट आहे का? आणि “माजोरडा” बरोबर की “माजुरडा”?’

आजीचं ऐका.

गाड्यांच्या मागच्या काचांवर हे वाक्य वाचून वाचून मी कंटाळलो आहे. त्यात एक नाही, दोन चुका आहेत. पहिली ‘गर्व’ची. ‘गर्वाचे घर खाली’ म्हणणाऱ्या भाषेत गर्व हा दुर्गुणच आहे. आपल्याकडे चांगल्या अर्थाचा शब्द ‘अभिमान’. हिंदीत नेमकं उलट: तिथे अभिमान हा दोष, आणि गर्व छाती पुढे काढून सांगता येतो. संस्कृतातही अभिमानाची पत फारशी नव्हती. गीतेच्या सोळाव्या अध्यायात तो दंभ आणि दर्प यांच्या रांगेत, आसुरी संपत्तीत बसलेला आहे. त्याला तिथून उठवून मानाची जागा दिली ती मराठीने. टीशर्टवाल्यांनी आधी हिंदीतला गर्व उचलला, मग तो कमी पडला म्हणून त्याच्यावर माज चढवला. मराठीचा अभिमान सांगायला निघालेल्यांना ‘अभिमान’ हा मराठी शब्द सुचू नये, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माज म्हणजे उर्मटपणा, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. शब्द आला कुठून ते बघा.

‘मद’चा अपभ्रंश माज, असं पुष्कळजण ठोकून देतात. चूक. नुसत्या ‘द’चा मराठीत ‘ज’ होत नाही. दोन स्वरांमधला ‘द’ प्राकृतात गळून जातो: पाद, पाअ, पाय. कदलीची केळी झाली तीही अशीच. ‘मद’ या वाटेने आला असता तर त्याचा माज कधीच झाला नसता. ‘ज’ हवा असेल तर मुळात ‘द्य’ लागतो. अद्य, अज्ज, आज. विद्युत्, विज्जु, वीज. वाद्यते, वज्जइ, वाजते. उत्पद्यतेपासून उपजणे. तसंच माद्यति, मज्जइ, माजणे. म्हणजे आधी क्रियापद आलं आणि माज हे त्याचं नाम. मूळ धातू मद् हाच, पण वाट वेगळी. आणि व्युत्पत्तीत वाटच तर महत्त्वाची असते!

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ‘मद्’चं भूतकाळवाचक रूप मत्त. त्यापासून मराठीत ‘मातणे’ आलं. श्रावणातल्या कहाण्यांमध्ये ऐकलेलं ‘उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस’ आठवा. त्यातलं मातणं आणि आपलं माजणं ही सख्खी भावंडं आहेत. एक मत्तवरून आलं, दुसरं माद्यतिवरून. तिसरं भावंड लहानपणीच दूर गेलं होतं. ‘मद्’ला ‘त’ लागला की संस्कृतात ‘मत्त’ होतो, पण इराणी भाषांत त्याच जागी ‘स्त’ येतो, आणि फारसीत ‘मस्त’ होतो. तो मस्त फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याच्यापासून ‘मस्ती’. ‘फार माजलाय’, ‘फार मातलाय’, ‘फार मस्ती आलीय’ ही तिन्ही वाक्यं आपण एकाच माणसाबद्दल, एकाच दमात बोलतो. हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या शाखांचे शब्द मराठीत पुन्हा एका अर्थावर भेटले, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. इंग्रजांनी हत्तीच्या माजाला जो शब्द घेतला तोही हाच फारसी मस्त.

गोठ्यात मात्र या शब्दाला काहीच कलंक नाही. गाय माजावर येते, म्हैस माजावर येते, साधारण एकवीस दिवसांनी. शेतकरी तो दिवस चुकू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसतो, कारण माज हुकला की गाभण राहण्याची वेळ तीन आठवडे लांबते आणि दूधही तितकंच पुढे जातं. म्हशींमध्ये ‘मुका माज’ असतो: जनावर हंबरत नाही, बाहेरून काही कळत नाही. ‘मुका’ हे विशेषण मुद्दाम लावावं लागतं, यावरूनच ध्यानात घ्या की माज म्हणजे एरवी दिसणारी, ऐकू येणारी गोष्ट. गर्व मनात दडवून ठेवता येतो. माज चालण्यात दिसतो, आवाजात दिसतो, गाडी आडवी लावण्यात दिसतो. गर्व आणि माज यांतला खरा फरक मला इथे वाटतो. अनेक कोश दोघांपुढे ‘अहंकार, ताठा’ एवढंच लिहून मोकळे होतात, ते मला मुळीच मान्य नाही.

माजाची क्रियापदंही बघा. तो चढतो आणि उतरतो, जशी नशा चढते आणि उतरते. मद्य हा शब्द त्याच धातूचा, त्यामुळे यात नवल नाही. पण माज जिरतोही, आणि जिरणं हे पोटाचं काम. अन्न जिरतं, पाणी जमिनीत जिरतं. माझं मत असं की माजाची कल्पना मराठी माणसाच्या मनात खाण्याशी बांधलेली आहे. अन्नाचा माज, पैशाचा माज, सत्तेचा माज: जे पोटभर मिळालं आणि पचलं नाही, त्याचा माज. विद्वत्तेचा सहसा गर्व म्हणतात. शेतात तण माजतं तेही खतपाण्यावरच. पुढे रान माजलं, गोंधळ माजला, बेबंदशाही माजली, सगळीकडे अर्थ तोच: आवर सुटून वाढणं.

एका निवृत्त शिक्षकांनी मला याच धाग्यावरून सांगितलं होतं की माज हा हाडांतल्या ‘मज्जे’पासून आला, चरबी चढते तशी मज्जा चढते. नियमाने मज्जाचाही माज होऊ शकतो, हे कबूल. पण मग माजणे हे क्रियापद कुठून आणायचं, आणि जनावराच्या माजाचं काय करायचं? माद्यति दोन्ही एका फटक्यात सोडवतो. शिक्षकांना ते पटलं नाही. त्यांनी दिलेला एकही दाखला मलाही पटला नाही.

जाता जाता: माजघरातला माज वेगळा. तो मध्यपासून, मज्झ होऊन आलेला. माजी आमदारातला माजी अरबी. आणि ‘माज म्हणजे माझं-माझं करणं’ ही जुळवाजुळव कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. माझाचं मूळ ‘मह्यम्’मध्ये आहे.

टीशर्टची दुसरी चूक राहिली. माज हा शब्द आपण दुसऱ्याबद्दल वापरतो. ‘त्याला माज आलाय’ हे रोज ऐकू येतं. ‘मला माज आलाय’ असं तुमच्या आजीने आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलं नसेल. ज्या शब्दाने शेजारी आपल्याला नावं ठेवतो तोच आपण छातीवर छापायचा, हे मला समजत नाही. ‘मराठी असल्याचा अभिमान आहे’ एवढं छापा. शाईही कमी लागेल.

माजोरडा लिहा. ‘माजोरा’ला तुच्छतेचा ‘डा’ लागून तो झाला आहे, म्हणून ‘ओ’ टिकवलेला बरा. बोलताना माजुरडा म्हणालात तरी चालेल, मीही म्हणतो.