जुना ४×५ प्रेस कॅमेरा घ्यायचाय: स्पीड ग्राफिक की क्राउन ग्राफिक?

अमेरिकेत आहात तोवर एक प्रेस कॅमेरा (पूर्वी वृत्तपत्रांचे छायाचित्रकार वापरायचे तो, ४×५ इंचाच्या फिल्मचा) घेऊन पुण्याला न्यायचाय, दोन्हीपैकी कुठला घ्यावा आणि किती पैसे मोजावेत, असं तुम्ही विचारलंय. स्पीड घ्या. त्यात फिल्मजवळ मागे एक शटर असतं, क्राउनमध्ये ते नसतं. ‘मागचं शटर म्हणजे उगाच लोढणं’ असं तुम्हाला कुणीतरी सांगितल्याचं लिहिलंय. हेच वाक्य आमचे साडू मला प्रत्येक गणपतीत ऐकवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही दोघं रॉचेस्टरजवळ एका घरात जुन्या सामानाच्या विक्रीला गेलो होतो. हे कॅमेरे बनवणाऱ्या ग्राफ्लेक्स कंपनीचा कारखाना त्याच गावात होता, त्यामुळे तिकडच्या माळ्यांवरून हे कॅमेरे अजून निघतात. टेबलावर दोन होते. एक क्राउन: १३५ मिमीची झेनार लेन्स, डोक्यावर रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून फोकस साधायचं यंत्र), चामडं चकचकीत. दुसरा पेसमेकर स्पीड: लेन्स गायब, बाजूला कालार्ट कंपनीचा रेंजफाइंडर, चामड्याचा एक कोपरा सुटून वर आलेला. साडूंनी क्राउनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, “ते धूड खाली ठेव. पुढून सगळं उघडं आहे तरी मागच्या काचेवर काळोख. मेलाय तो.”

मेला नव्हता. स्पीडमध्ये फिल्मच्या लगेच पुढे कापडी पडदा असतो. तो बंद असला की जिच्यावर चित्र बघून फोकस करतात ती मागची काच काळीच दिसणार. बाजूची किल्ली फिरवून पडद्यातली मोठी खिडकी समोर आणायची, की आला उजेड. विकणाऱ्या आजोबांनाही ते ठाऊक नसावं, कारण कॅमेऱ्यावर ‘बिघडलेला’ अशी चिठ्ठी होती. मी शिकवायला गेलो नाही. निमूट पैसे दिले आणि गाडीत बसल्यावर किल्ली फिरवली. साडूंनी खिडकीबाहेर बघितलं.

या पडद्याचा खरा फायदा १/१००० सेकंदाचा वेग हा नाहीच. फायदा असा की लेन्सला स्वतःचं शटर लागत नाही. मी एक मॅजिक लँटर्नची, म्हणजे जुन्या स्लाइड प्रोजेक्टरची, पितळी लेन्स कवडीमोलाने घेतली, पत्र्याच्या बोर्डवर बसवली, झालं. क्राउनवर ती लेन्स लावून तुम्ही काय करणार, टोपी काढून एक-दोन-तीन मोजणार?

त्या उन्हाळ्यात सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. दोन्ही जावयांनी अंगणात कॅमेरे मांडले. साडूंनी रेंजफाइंडरमधून दोन प्रतिमा जुळवल्या, लेन्स पूर्ण उघडली आणि पटकन फोटो काढला. त्यात मागची खुर्ची काय सुरेख आलीय! वेताची वीण मोजून घ्या. सासूबाई धूसर. डोक्यावरच्या रेंजफाइंडरमध्ये लेन्सनुसार बदलायची कॅम (धातूचा छोटा तुकडा) असते, तिच्यावर नंबर असतो. आधीच्या मालकाने लेन्स बदलली होती, कॅम जुनीच राहिली होती. बाजूचा कालार्ट स्क्रू पिळून दुसऱ्या लेन्सला जुळवून घेता येतो. वेळ जातो, पैसे जात नाहीत. मी तर काचेवरच फोकस केला, मग फिल्मचा होल्डर सरकवला, पडदा ताणला, होल्डरवरची झाकणपट्टी ओढली. सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, श्वास घेतला तर चालेल का?” सांगलीच्या दिवाणखान्यात कुणाचा फोटो लागलाय हे मी आपणहून कधी सांगत नाही. विषय निघाला तरच सांगतो.

आणि वजनाचं म्हणाल, तर भारतातल्या पहिल्या महिला छायाचित्र-पत्रकार, जे.जे.त शिकलेल्या होमाई व्यारावाला दिल्लीच्या गर्दीत, साडी नेसून, स्पीड ग्राफिक वागवत होत्या. आमच्या साडूंना तो गॅरेजपासून अंगणापर्यंत जड होतो.

घेताना बघायचं ते असं. लेन्स आणि पेटीमधला घड्यांचा भाता पूर्ण ओढून अंधाऱ्या खोलीत न्या, आत फोनचा टॉर्च लावा आणि घड्यांचे कोपरे बघा, भोकं तिथेच पडतात. पडद्यालाही तसाच उजेड दाखवा. पाठ ग्राफ्लॉक असलेली बरी, म्हणजे काच काढून दोन धातूच्या पट्ट्यांनी रोल फिल्मची किंवा इन्स्टॅक्सची (लगेच फोटो देणाऱ्या फिल्मची) पाठ अडकवता येते. नुसत्या स्प्रिंगच्या पाठीत होल्डर सरकतात, पण अशा पाठी अडकवता येत नाहीत. जाहिरातीत नुसतं ‘स्पीड ग्राफिक’ लिहिलं असेल तर माप विचाराच. ३¼×४¼ चा कॅमेरा मोहात पाडेल इतका स्वस्त असतो, पण फिल्म शोधताना दमछाक होते. सोबत तीन सेलचा चकचकीत फ्लॅशचा दांडा असेल तर तोंड बंद ठेवून तोही घ्या. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये त्याचीच लेझरची तलवार केली होती, तेव्हापासून त्याच्यामागे कॅमेरेवाल्यांपेक्षा सिनेमावाले जास्त लागलेत.

किमतीचं एवढंच, की लेन्ससकट चालू कॅमेऱ्याला काहीशे डॉलर पडतात. त्याहून फार जास्त मागत असेल तर तो शोकेसचे पैसे लावतोय.

पुण्यात फिल्मचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. ४×५ ची शीट महाग पडते. एक्स-रे फिल्म घ्या, ८×१० इंचाच्या एका शीटचे चार तुकडे होतात आणि लाल दिव्यात कापता येते. दोन्ही बाजूंना इमल्शन (प्रकाश टिपणारा थर) असेल तर ओरखडे फार पटकन उठतात, आणि तिला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे ओठ काळे येतात. इथून फिल्म नेणार असाल तर विमानतळावर हातानेच तपासायला सांगा, नवे सीटी स्कॅनर फिल्म खराब करतात.

आता राहिलेलं. जुन्या पडद्याचा १/१००० बहुतेक वेळा तेवढा नसतोच, त्याच्या भरवशावर एक्स्पोजर ठरवू नका. आणि ६५ मिमीसारखी वाइड लेन्स लावायची असेल तर स्पीडची पेटी खोल पडते, तिथे क्राउनच हवा. तसा घेतलात तर कॅमवरचा नंबर लेन्सशी जुळतोय का ते बघितल्याशिवाय पाकीट काढू नका.