खोक्यावरचा आकडा आणि रिळाचा ड्रॅग

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी हौस म्हणून एक स्वस्त काठी आणि स्पिनिंग रीळ घेतले आणि तळ्यावर, नदीच्या डोहावर गळ टाकू लागलो. आता छंद चांगलाच जडला आहे, पण रिळाने मान टाकली आहे. मूठ फिरवताना खरखर जाणवते आणि मोठा मासा लागला की तंगूस झटके देत सुटतो. असाच एक मासा गेल्या महिन्यात तंगूस तोडून गेला. माझी काठी 2.1 मीटर लांबीची आहे आणि तंगूस 4 किलो ताकदीचा आहे. दुकानात 2500 आकाराची दोन मध्यम किमतीची रिळे पाहिली. एकाच्या खोक्यावर ‘10+1 बेअरिंग, ड्रॅग 8 किलो’ असे छापले आहे, तर दुसऱ्याच्या खोक्यावर ‘4+1 बेअरिंग, ड्रॅग 4 किलो’ असे आहे. किंमत जवळपास सारखीच आहे. मला पहिले घ्यावेसे वाटते, दुकानदार मात्र दुसरे सुचवतो. कोणते घ्यावे?

उत्तर : तंगूस ‘झटके देत’ सुटतो, असे आपण लिहिले आहे, आणि नव्या रिळात सर्वांत आधी काय तपासायचे ते त्यातूनच ठरते. मासा जोर लावून पळू लागला की ठरावीक ताणाला स्पूल (तंगूस गुंडाळलेली रिळाची फिरकी) मागे फिरू देणारी आणि तंगूस तुटू न देणारी जी घर्षणाची योजना असते, तिला ड्रॅग म्हणतात. स्पूलमधील चकत्या एकमेकींवर घासून हा ताण धरतात. हलक्या प्रतीच्या चकत्या आधी चिकटून बसतात आणि मग एकदम सुटतात. त्या चिकटलेल्या क्षणी तंगुसावर येणारा ताण आपण लावून ठेवलेल्या ताणापेक्षा बराच जास्त असतो, आणि तंगूस तुटतो तो नेमका तेव्हाच. माझ्याही पहिल्या रिळाने हीच खोड दाखवली होती. कित्येक दिवस मी दोष गाठीला देत राहिलो.

आता 8 किलो आणि 4 किलो या आकड्यांकडे पाहू. ड्रॅग हा तंगुसाच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश इतका लावावा, असा रूढ संकेत आहे. आपल्या 4 किलोच्या तंगुसासाठी तो 1 ते 1.3 किलो होतो. म्हणजे दोन्ही रिळांचा कमाल ड्रॅग आपल्या गरजेच्या कितीतरी पुढे आहे आणि त्यातील मोठा आकडा आपल्या उपयोगी कधीच पडणार नाही. सव्वा किलोच्या आसपास तो ड्रॅग किती अलगद सुटतो हे पाहायला हवे, आणि ते खोक्यावर छापलेले नसते.

ते दुकानातच पाहता येते. स्पूलवर थोडा तंगूस गुंडाळून घ्या, ड्रॅग आवळण्याची घुंडी मध्यम घट्ट करा आणि तंगूस हाताने अगदी सावकाश ओढा. स्पूल पहिल्या क्षणापासून एकसारखे सरकले पाहिजे. आधी अडून मग उसळी मारत असेल, तर ते रीळ खाली ठेवावे. नंतर स्पूल काढून आतल्या चकत्या पाहाव्यात. कार्बनच्या चकत्या दीर्घकाळ एकसारख्या चालतात. नमद्याच्या चकत्याही गोड्या पाण्यातील लहान माशांना पुरतात, पण ओल्या झाल्या किंवा दाबून राहिल्या की बिघडतात. घरी ड्रॅग लावण्यासाठी बाटलीत सव्वा लिटर पाणी भरून ती तंगुसाला बांधावी आणि काठीच्या वळ्यांचे घर्षण मोजणीत येऊ नये म्हणून केवळ रीळ हातात धरून वर उचलावी. बाटली हळूहळू खाली सरकू लागेल इतका ड्रॅग लावला की काम झाले.

बेअरिंगच्या संख्येबद्दल माझे मत थोडे कडू आहे. ती मोजायला आणि छापायला सोपी असल्यामुळे जाहिरातीत पुढे येते. चार-पाच बेअरिंगे योग्य जागी आणि चांगल्या प्रतीची असली, तर रीळ उत्तम चालते. मुठीच्या गोंड्यापर्यंत हलक्या प्रतीची दहा बेअरिंगे भरली, तर दुकानात मूठ लोण्यासारखी फिरते आणि काही महिन्यांत तीच खरखरू लागते. ‘+1’ म्हणजे बहुधा रीळ उलटे फिरू न देणारे एकदिशा रोलर बेअरिंग असते. मूठ मागे ढकलून पाहावी; ती जागच्या जागी घट्ट थांबली पाहिजे. बेअरिंगबाबत एकच आग्रह धरावा, आणि तो लाइन रोलरचा. बेलच्या, म्हणजे तंगूस पकडून स्पूलवर आणणाऱ्या उघडमिट होणाऱ्या तारेच्या, कडीच्या टोकाला असलेल्या या इवल्या चाकावरून वळूनच तंगूस स्पूलवर येतो. ते चाक फिरत नसेल तर तंगूस त्यावर घासत राहतो, पीळ वाढतो आणि कालांतराने चाकालाच खाच पडते. तंगुसाचा तुकडा त्यावर टाकून दोन्ही बाजूंनी ओढला की ते फिरते की नाही हे लगेच कळते.

बाकी गोष्टी थोडक्यात. ग्रॅफाइटचा, म्हणजे कार्बन तंतू मिसळलेल्या नायलॉनचा, सांगाडा गोड्या पाण्यासाठी पुरेसा असतो. फक्त मूठ आडवी दाबल्यावर तो लवता कामा नये, कारण सांगाडा लवला की दातेरी चाके एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि आपण सांगता ती खरखर सुरू होते. स्पूल धातूचे असावे. मूठ दांड्यातच आटे देऊन बसवलेली असेल तर ढिलेपणा कमी राहतो. 2500 हा आकार आपल्या काठीला योग्य आहे, त्यावर 0.25 मिलिमीटर जाडीचा तंगूस साधारणपणे 150 मीटरच्या आसपास मावतो. आकाराच्या क्रमांकांत कंपनीगणिक थोडा फरक असल्याने स्पूलवर छापलेली क्षमता पाहावी.

गिअर गुणोत्तराचा प्रश्न आपण विचारला नाही, पण दुकानदार तो नक्की काढेल. 5.2:1 याचा अर्थ मुठीच्या एका फेऱ्यात रोटर, म्हणजे स्पूलभोवती फिरून तंगूस गुंडाळणारा भाग, 5.2 वेळा फिरतो. भरलेल्या स्पूलचा व्यास 4.5 सेंटिमीटर धरला तर घेर सुमारे 14 सेंटिमीटर होतो, म्हणून एका फेऱ्यात सुमारे 73 सेंटिमीटर तंगूस आत येतो, 6.2:1 असेल तर सुमारे 87. सर्वसाधारण वापराला पहिले गुणोत्तर बरे. त्यात हाताला जोर कमी लागतो आणि आमिष सावकाश ओढणेही सोपे जाते.

तेव्हा लाइन रोलर आणि ड्रॅग यांत दुसरे रीळ खरे उतरले, तर दुकानदाराचे ऐकावे. दोन्ही रिळे या परीक्षेत नापास झाली, तर तिसरे पाहावे.

प्रश्न : नव्या रिळावर ब्रेडेड दोरा भरला. ड्रॅग पूर्ण आवळला तरी मोठा मासा ओढू लागला की दोरा सुटतच राहतो. शिवाय दोन-तीन दिवसांत दोऱ्याला असा पीळ पडतो की फेकताना त्याची गुंतवळ होते. रीळ बिघडले असेल का?

उत्तर : बहुधा नाही. ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेला, दोरा गुळगुळीत असतो आणि फारसा ताणला जात नाही. धातूच्या स्पूलवर तो थेट बांधला, तर स्पूल जागेवर उभे राहते आणि दोऱ्याचा सगळा गठ्ठाच त्याभोवती घसरत फिरतो. ताण पडला असताना स्पूलच्या कडेवर शाईची खूण करून पाहा. खूण स्थिर राहून दोरा सुटत असेल, तर ड्रॅग निर्दोष आहे. सगळा दोरा उतरवून तळाशी आधी काही मीटर साधा नायलॉन तंगूस घट्ट गुंडाळावा, त्याला ब्रेडेड दोरा जोडावा आणि तो ओल्या फडक्याच्या चिमटीतून ताणून भरावा. स्पूलच्या ओठापासून 2 ते 3 मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी. काठोकाठ भरले तर दोऱ्याची वेटोळी आपसूक बाहेर उड्या मारतात.

पिळाचे मूळ या रिळाच्या रचनेतच आहे. कापड-व्यवसायातील इंग्रज उद्योजक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी 1905 मध्ये स्थिर स्पूलच्या रिळाचे पेटंट घेतले. त्याच तत्त्वावर आजचे स्पिनिंग रीळ चालते : गुंडाळताना स्पूल गोल फिरत नाही, दोराच त्याच्याभोवती गुंडाळला जातो. त्यामुळे मासा दोरा ओढून नेत असताना, म्हणजे ड्रॅग सरकत असताना, आपण मूठ फिरवत राहिलो, तर दोरा आत येत नाही, पण रोटर मात्र त्याला पीळ देत राहतो. 5.2:1 च्या रिळाची मूठ अशी दहा वेळा फिरवली की दोऱ्यात 52 पीळ जमा झाले. मासा पळत असेल तेव्हा मूठ सोडून केवळ काठी धरावी. तो थांबला की काठी सावकाश वर उचलावी आणि ती खाली आणतानाच तेवढा दोरा गुंडाळून घ्यावा. दुसरी सवय म्हणजे फेकीनंतर बेलची कडी मूठ फिरवून न मिटता हाताने मिटावी आणि दोरा एकदा हलकेच ताणून मगच गुंडाळायला लागावे, कारण ढिली पडलेली पहिली वेटोळीच पुढच्या फेकीत गुंता करतात.

आधीच पडलेला पीळ काढायचा असेल तर आमिष, गळ, वजन सगळे सोडवून मोकळा दोरा वाहत्या पाण्यात 40-50 मीटर सोडावा, काही मिनिटे तसाच राहू द्यावा आणि मग दोन बोटांच्या चिमटीतून गुंडाळून घ्यावा.