रेक्स बेगोनियाच्या कडा करपल्या म्हणून पाणी वाढवू नका

तुम्ही लिहिलंत, की रेक्स बेगोनिया या रंगीत पानांच्या शोभेच्या झाडाच्या कडा करपल्या म्हणून पाणी वाढवलंत आणि आता देठ बुडाशी मऊ पडलेत. बेगोनिया हे नाव कुठून आलं, तेही विचारलंत. करपलेल्या कडा आणि मऊ देठ ही दोन वेगळी दुखणी आहेत. कडा करपतात त्या नाशिकच्या एप्रिल-मेमधल्या कोरड्या हवेनं, देठ कुजतात ते साचलेल्या पाण्यानं. सह्याद्रीतले रानटी बेगोनिया पावसाळ्यात ओल्या कातळावर उगवतात, तिथली हवा दमट असते पण मुळाशी पाणी थांबत नाही. कुंडीत नेमकं तेच साधायचं.

झाड उपसा. काळी माती असेल तर सगळी झटका, ती पाणी धरून बसते. मऊ, तपकिरी भाग स्वच्छ ब्लेडनं कडक गाभा लागेपर्यंत कापा. मग नव्या मिश्रणासाठी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पानांचं कुजलेलं खत, एक भाग पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे). कुंडी पाच इंची पुरे. मोठीत मुळं न पोचलेली माती ओलीच राहते. रेक्सचं जाड आडवं खोड अर्धं मातीवर राहू द्या, पुरलंत की पुन्हा कुजेल. वरची इंचभर माती कोरडी लागली तरच पाणी घाला. पूर्वेची गॅलरी, सकाळचं कोवळं ऊन. कुंडीखाली खडी आणि पाणी भरलेली ताटली ठेवा, पण कुंडीचं बूड पाण्याला टेकू नये. पानांवर फवारा मारत बसू नका, भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते. द्राक्षवाल्यांना तिची ओळख वेगळी करून द्यायला नको. पांढरे ठिपके दिसताच ते पान काढा आणि कुंड्यांमध्ये अंतर ठेवा.

आता नावाचं. मिशेल बेगों हे सतराव्या शतकातले फ्रेंच अधिकारी, कॅरिबियन वसाहतींचे प्रशासक आणि वनस्पतींचे चाहते. शार्ल प्लुमिए या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्यांच्या सन्मानार्थ हे नाव दिलं, वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसनं १७५३ मध्ये ते कायम केलं. आपल्या देवळांपुढच्या चाफ्याचं शास्त्रीय नाव, प्लुमेरिया, याच प्लुमिएंवरून आलंय! रेक्स मात्र आसामकडचा.

खोड पूर्ण गेलं असेल तरी एक निरोगी पान पुरतं. पाठीमागच्या जाड शिरांना आडवे छेद द्या, पान ओल्या कोकोपीटवर सपाट ठेवून खड्यांनी दाबा, वर पारदर्शक डबा पालथा घाला आणि सावलीत ठेवा. पाच-सहा आठवड्यांत छेदांपाशी रोपं फुटू लागतात. मेमध्ये मात्र हे करू नका, जूनच्या पावसाची वाट पाहा.