उभ्या गाडीची बॅटरी का मरते?

प्रश्न : दादा नमस्कार, मी रिटायर माणूस, बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. गाडी 6 वर्षांची पेट्रोल आहे, चाललीय फक्त 14 हजार. रविवारी खंडेराव मार्केटला भाजी आणायला आणि महिन्यातून एखाद वेळी मुलीकडे फतेगंजला, बस. तरी दोन वर्षांत दुसरी बॅटरी गेली, सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटकटक. गॅरेजवाला म्हणतो नवीन टाका आणि ऑइल पण बदला. त्या ऑइलवर गाडी 2 हजारसुद्धा चालली नाही, ही लूट नाही का?

उत्तर : काका, ऑइलचं तो खरं बोलतोय, बॅटरीचं अर्धंच. सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढा करंट जातो तेवढा मार्केटपर्यंतच्या दोन-चार मिनिटांत परत भरत नाही, त्यात एसी, लाइट, गाणी चालू, आणि मग आठवडाभर गाडी उभी असताना घड्याळ-अलार्म थोडं थोडं खात बसतात. बिचारी कायम अर्धपोटी. आठवड्यातून एकदा हालोल रोडला अर्धा-पाऊण तास नेऊन आणा. रोज गेटात 5 मिनिटं इंजिन चालू ठेवणारे पण आहेत, त्याने पेट्रोल जळतं आणि वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकी आपटतात, बॅटरी काही भरत नाही.

नवीन घ्यायच्या आधी बॉनेट उघडून बॅटरीची टर्मिनल, म्हणजे वायर जोडलेली दोन टोकं, बघा. पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, फेस येईल, घाबरू नका. काढताना आधी मायनस काढायचा आणि लावताना तोच शेवटी, नाहीतर पाना बॉडीला लागला की ठिणगी. मग मीटर लावायला सांगा : रात्रभर उभ्या गाडीला 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, 12.2 म्हणजे अर्धी. इंजिन चालू केल्यावर 14 च्या जवळपास यायला हवं, तिथेही साडेबाराच दाखवत असेल तर दोष चार्जिंगचा आहे, तुम्ही तिसरी बॅटरी टाका नाहीतर चौथी.

आता ऑइल. मॅन्युअलमध्ये बहुतेक 10 हजार किलोमीटर किंवा 1 वर्ष, जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं आणि आपण पुढचा अर्धा भाग वाचतच नाही. इंजिन नीट तापतच नसल्याने आतला ओलावा उडून जात नाही. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, सायीसारखं पिवळट काहीतरी चिकटलेलं दिसलं तर ते हेच, पण सोबत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) पण कमी होत असेल तर मात्र लगेच गॅरेजला दाखवा, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातलं सील, गेलेलं असू शकतं. आणि कूलंटचं झाकण गरम इंजिनवर उघडायचं नाही, हात भाजतो.

प्रश्न : 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये सीटपर्यंत आलं होतं. ओसरल्यावर मिस्टरांनी चालू होते का बघितलं आणि इंजिनच गेलं. पुन्हा असं झालं तर काय करायचं?

उत्तर : ताई, चावीला हातच लावायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, ते सिलेंडरमध्ये असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. बॅटरीचा मायनस काढा, फोटो काढा, इन्शुरन्सला फोन करा आणि गाडी उचलूनच न्या. साध्या पॉलिसीत असं गेलेलं इंजिन बहुतेक वेळा धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर वेगळं घ्यावं लागतं. रिन्यू करताना ती ओळ स्वतः शोधा, एजंटने "सगळं आहे" म्हटलं तरी.

प्रश्न : टायरमध्ये नायट्रोजन भरू का?

उत्तर : साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच आहे. फुकट मिळत असेल तर भरा, नाहीतर ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढी हवा, टायर थंड असताना, दर 15 दिवसांनी. आणि स्टेपनीत पण.